केल्डो आणि वांदर

माडाखाली फुटकं शहाळं सापडलं की आमची आजी ते आधी पायाने पालथं करून बघायची आणि मग निकाल द्यायची. "ह्यां केल्ड्याचां काम." देठाकडून कुरतडून, भोक पाडून, पाणी पिऊन खाली टाकलेलं शहाळं म्हणजे केल्डो. शेवग्याची पालवी ओरबाडलेली, आंब्याचा मोहोर खाली सांडलेला, फणसाच्या कोवळ्या कुयऱ्या अर्ध्या खाल्लेल्या, म्हणजे वांदर. आगरात कोण येऊन गेलं हे तिला प्राणी न बघता कळायचं. शिव्याही वेगवेगळ्या होत्या. वांदराला ती फक्त "जा रे बाबा" म्हणायची. केल्ड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

हे सावंतवाडी तालुक्यातलं, १९६०च्या आगेमागेचं सांगतोय. शाळेत गेलो तेव्हा पुस्तकी मराठीत दोघांनाही सर्रास 'माकड' म्हणताना ऐकलं, आणि पुढे स्वतः मास्तर झालो तेव्हा छत्तीस वर्षं मीही पोरांना तेच सांगितलं. निवृत्तीनंतर आगर सांभाळायला लागलो तेव्हा आजीचे दोन शब्द पुन्हा कामाला आले, कारण माकड म्हटल्याने काहीच कळत नाही. तोंड काळं, अंग रुपेरी, शेपूट अंगापेक्षा लांब, मोठा नर पंधरा किलोच्या पुढचा, तो वांदर. पुस्तकातलं वानर किंवा लंगूर, आणि नर असेल तर हुप्प्या. तोंड फिकट तांबूस, अंग मातकट, डोक्यावरचे केस मधून भांग पाडून चहूकडे फिरवल्यासारखे, वजनाने वांदराच्या निम्मा, तो केल्डो. इंग्रजांना त्या केसांत बायकांची टोपी दिसली आणि त्यांनी त्याला टोपीवाला करून टाकलं.

हा गोंधळ आमच्या शाळाखात्याने घातला असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पण तो जुना आहे. अमरकोशात कपी, मर्कट, वानर, शाखामृग ही सगळी नावं एकाच दावणीला बांधलेली आहेत. वाल्मीकी रामायणात मात्र वानरांच्या सैन्यात गोलांगूल वेगळे काढून सांगितलेत, म्हणजे गाईसारखी शेपटी असलेले. तेव्हा कवीला फरक माहीत होता, कोशकाराला त्याची गरज वाटली नसावी. पुढे इंग्रज आले. थॉमस जर्डन नावाच्या लष्करी डॉक्टरने १८६७ साली हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांचा ग्रंथ काढला आणि प्रत्येक प्राण्याखाली देशी नावं दिली. लंगुराखाली मराठी नाव 'वानर'. दुसऱ्याखाली 'माकडू', आणि घाटातल्या मराठ्यांच्या बोलीतली दोन: 'वानर' आणि 'केर्डा'. म्हणजे 'वानर' दोन्हीकडे! तो केर्डा वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठलो. आमच्या आजीचा केल्डोच तो, साहेबाच्या कानातून जाऊन जरा वाकडा झालेला. कानडी नावंही तिथे आहेत, आणि ती चोख आहेत. केल्ड्याला मंगा, वांदराला मुस्या. कानडी माणूस या बाबतीत आमच्या आजीच्या बाजूचा.

आजीचं एक वाक्य होतं. "वांदर वाटेन जाता, केल्डो घरात शिरता." मला ती म्हण वाटायची. पुढे वाचनात आलं की यात दोघांची पोटं आहेत. वांदराचं पोट गुरासारखं कप्प्याकप्प्यांचं असतं, त्यात पाला आंबतो आणि पचतो. त्यामुळे त्याला रानातली पानं पुरतात. माणसाचं खाणं मिळालं तर तो सोडत नाही, पण त्याच्यावाचून अडत नाही. केल्ड्याचं पोट आपल्यासारखं साधं. त्याला फळ, बी, किडा, अंडं, भात, भजी, सगळं चालतं. शिवाय दोन्ही गालांत थैल्या. मिळेल ते आधी गालात कोंबायचं, पळायचं आणि झाडावर बसून सावकाश खायचं. असा प्राणी माणसाच्या जवळ राहणारच. देऊळ, धर्मशाळा, बाजार, एसटीचा थांबा, रस्त्याकडेचा वड ही त्याची जुनी वस्ती, आणि खरं रान त्यामानाने कमी. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या दोन पोटांत आहे.

माकडवाल्याच्या दोरीला केल्डोच का असायचा, तेही यातच आलं. आमच्या शाळेसमोर वर्षातून एकदा, बहुधा शिमग्याच्या आधी, माकडवाला यायचा. डमरू, काठी, आणि दोरीला दोन जनावरं, एकाला टोपी, दुसरीला झंपर. ती रुसायची, तो काठी खांद्यावर टाकून तिला आणायला जायचा, ती सासरी यायला नकार द्यायची आणि आम्ही पोरं लोळून हसायचो. वांदर मी त्या दोरीला एकदाही पाहिला नाही. पाला खाणारं एवढं मोठं धूड पोसायचं कसं, आणि वर तो मारुती. त्याला झंपर घातलेलं गावाने चालवून घेतलं असतं का? केल्डो मात्र भाकरीच्या तुकड्यावर जगतो आणि त्याच्या वाट्याला कुठली पोथी नाही.

हे माकडवाले भटक्या जमातींपैकी. कुंचीकोरवे हे त्यांतलं एक नाव, मुंबईत धारावीत त्यांची जुनी वस्ती आहे. १९९८ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करायला मनाई केली. जनावरांच्या बाजूने बघितलं तर बरंच झालं. दात काढलेली, मानेला दोरीचा वळ पडलेली माकडीण मी जवळून पाहिली आहे. पण दोरी सुटल्यावर दोरी धरणाऱ्याने काय करायचं, हे त्या कागदात नव्हतं. त्यानंतर आमच्याकडे जो यायचा तो दोनतीन वर्षांनी एकदा दिसला, बाजारात झाडू विकताना. मी ओळख दिली, त्याने दिली नाही.

माकडांचा खरा मोठा व्यापार उत्तरेत झाला, आणि तो तिसऱ्याच जातीचा. उत्तर हिंदुस्थानातलं आखूड शेपटीचं, लाल ढुंगणाचं माकड, ज्याला शास्त्रवाले ऱ्हीसस म्हणतात, त्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर पोलिओची लस वाढवायचे. १९५०च्या दशकात भारतातून दरवर्षी लाखाच्या वर माकडं विमानाने परदेशी जात होती. १९५५च्या सुरुवातीला लंडनच्या विमानतळावर शेकडो माकडं गुदमरून मेली, आरडाओरड झाली, भारताने काही काळ निर्यात थांबवली आणि पुन्हा सुरू केली. अखेर १९७८ साली मोरारजी देसाईंच्या सरकारने ती पूर्ण बंद केली. मला तेव्हा नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. शिक्षकांच्या खोलीत वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं गेलं आणि आमच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, "आमची का नाही नेली रे?" त्यांच्या पोफळीचं त्या वर्षी बरंच नुकसान झालं होतं.

हा उत्तरेकडचा पाहुणा या गोष्टीत पुन्हा येणार आहे. केल्डो दक्षिण भारताचाच, जगात दुसरीकडे कुठेही तो मूळचा नाही. तापी आणि गोदावरी ही त्याची उत्तरेकडची जुनी हद्द, तिच्यापलीकडे ऱ्हीससचं राज्य. गेल्या काही दशकांत ऱ्हीसस गोदावरी ओलांडून खाली सरकत आलाय आणि जिथे तो येतो तिथून केल्डो हळूहळू नाहीसा होतो. शहरात धरलेली माकडं गाडीत भरून लांब नेऊन सोडायची आपली सवय या सरकण्याला हातभार लावते. माकड सोडणाऱ्याला कोणतं माकड सोडतोय हे बघायची गरज वाटत नाही, कारण त्याच्या भाषेत तेवढा एकच शब्द असतो.

उत्तरेत वांदराला मात्र नोकरी लागली. दिल्लीच्या सरकारी कचेऱ्यांत ऱ्हीससचा धुमाकूळ वाढला तेव्हा त्याला हुसकायला लंगूर आणि लंगूरवाले रोजंदारीवर ठेवले. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळीही ते तैनात होते. नंतर २०१२च्या सुमारास कोणाच्या तरी लक्षात आलं की वन्यजीव कायद्यात संरक्षण असलेल्या प्राण्याला दोरी बांधून पगारावर ठेवता येत नाही. मग माणसंच लंगुरासारखं ओरडायला नेमली, आणि २०२३च्या जी-२० परिषदेला रस्त्याकडेला लंगुरांचे पुठ्ठ्याचे पुतळे उभे केले. मी हे आमच्या शेजाऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पगार किती?"

आमच्याकडे राखण हाच काय तो बंदोबस्त. पोरांच्या हातात गलोल, म्हाताऱ्यांकडे रॉकेलचा रिकामा डबा, आणि गावात दोनतीन घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक. बंदूक उडायची ती बहुतेक रानडुकरावर. केल्ड्यावर उडालेली मी एकदाच ऐकली, वांदरावर कधीच नाही. मेलेला वांदर दिसला तर गावाने त्याला फुलं वाहून, खड्डा काढून पुरलेलं मी पाहिलंय. मेलेला केल्डो ओढून ओहोळात टाकायचे. १९७२च्या कायद्याने दोघांनाही संरक्षण दिलं, पण कायदा येण्याआधीच वांदराला शेंदराचं संरक्षण होतं.

मग माकडताप आला. याची कथा कर्नाटकातली आहे आणि तिचा एक धागा पुण्यात आहे. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं पटापट मरून पडायला लागली, पाठोपाठ आसपासच्या गावांतली माणसं तापाने फणफणली. माकडं मरतात आणि माणसं मरतात, म्हटल्यावर डॉक्टरांच्या पोटात गोळा आला; आफ्रिकेतला पीतज्वर भारतात शिरला की काय! पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्राची माणसं तिथे पोचली. पीतज्वर नव्हता. नवाच विषाणू होता, रानातल्या गोचिडीतून पसरणारा. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पडतात, आणि ती जागा पुढे लाकूडफाटा गोळा करणाऱ्याला घातक होऊन बसते. शास्त्रात त्या जंगलाचं नाव लागलं, कानडीत 'मंगन कायिले', म्हणजे मंगाचा रोग. गंमत अशी की सुरुवातीच्या त्या वर्षांत मंगापेक्षा मुस्या कितीतरी जास्त मेले. रोगाने वांदर नेले आणि बदनामी केल्ड्याच्या नावावर लागली.

२०१५ साली हा ताप गोव्याच्या सत्तरीत दिसला आणि २०१६च्या जानेवारीत दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. पुढच्या वर्षी तो आमच्या बाजूला बांद्याकडे आला. काजूचा हंगाम. बागेत जायचं की नाही, बी गोळा करायची की नाही, यावर घराघरांत भांडणं झाली. गोचिडीसाठी अंगाला चोळायचं तेल वाटलं, लस टोचली, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवा असं दवंडीसारखं गाडीवरून सांगत फिरले. आमच्या वाडीच्या वर, पाणंदीला लागून एक वांदर मेलेला सापडला. त्या वर्षी कोणी फुलं वाहिली नाहीत. लांबून बघून सगळे मागे फिरले. एक म्हातारा तेवढा हात जोडून उभा राहिला, दहा पावलांवरून. मला ते दृश्य विसरता येत नाही. किती पिढ्यांची रीत असेल ती, एका गोचिडीने मोडली.

सगळीकडे माणसाने माकडाशी असंच दोन मनांनी वागावं असं नाही. धाराशिव जिल्ह्यात उपळा नावाचं गाव आहे, पूर्ण नाव उपळा माकडाचे. तिथे बत्तीस एकर जमीन गावाच्या नोंदीत माकडांच्या नावावर आहे. कोणी करून ठेवली, कधी, हे गावालाही सांगता येत नाही. लग्नकार्यात आधी माकडांचा मान काढायची तिथली रीत सांगतात. २०२२ साली ही बातमी देशभर छापून आली तेव्हा लोकांना हसू आलं. मला मास्तरकीची खोड आडवी आली. नोंदीत 'माकड' लिहिलंय. कोणतं? वांदरांचे वारस म्हणतील आमची, केल्ड्यांचे म्हणतील आमची. आणि हल्ली उत्तरेचा पाहुणाही दावा सांगायला येऊ शकतो.

चेष्टा बाजूला ठेवतो, कारण या दोघांच्या हिशेबात आता मोठा फरक पडलाय. निसर्ग संवर्धनाची जी आंतरराष्ट्रीय संघटना धोक्यातल्या प्राण्यांची लाल यादी करते, तिने २००८ साली केल्ड्याला 'फारशी काळजी नको' या रकान्यात ठेवलं होतं. नंतरच्या तपासणीत त्याला 'असुरक्षित' ठरवलं. मैदानी मुलखातला वांदर मात्र अजून 'काळजी नको'मध्येच आहे. देवाचा वांदर सुरक्षित आणि पायलीला पन्नास मिळणारा केल्डो धोक्यात, हे वाचून आमच्या वाडीत कोणाचा विश्वास बसेना. "सर, तुमच्याच आगरात पन्नास आहेत." आहेत. पण २०१७ साली दक्षिणेतल्या अभ्यासकांनी कर्नाटकातली एक मोजणी छापली. पंचवीस वर्षांपूर्वी जिथे मोजली होती तिथेच पुन्हा मोजली, तर केल्डे ६५ टक्क्यांहून जास्त घटले होते. देवळं आणि पर्यटनाच्या जागा यांतल्या जवळजवळ निम्म्या ठिकाणांहून नाहीसे झालेले. आणि रानात? रानात ते मुळात तुरळकच. म्हणजे जो प्राणी माणसाच्या अंगणात राहतो, त्याला अंगणातून काढल्यावर जायला मागे अरण्य नसतं. वांदराला असतं.

सरकारी कागदही मधल्या काळात उलटेपालटे झाले. २०२२च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, ऱ्हीससला अनुसूचीतून बाहेर काढलं आणि केल्ड्याला थेट पहिल्या अनुसूचीत नेलं, वाघाच्या पंगतीला. पुढे केरळ सरकारने मागणी केली की त्याला दुसरीत उतरवा, आमचे शेतकरी हैराण आहेत. मला दोन्ही बाजू कळतात आणि दोन्हींचा राग येतो. नुकसानभरपाईचा अर्ज भरायला मी एका कचेरीत गेलो होतो. माडाचे आणि पोफळीचे आकडे दिले, प्राण्याच्या नावापुढे केल्डो लिहिलं. टेबलामागच्या तरुण माणसाने ते खोडून 'माकड' लिहिलं, मी ते खोडून 'माकड, लाल तोंडाचे' लिहिलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं बोलणं गिळलं. अर्जाचं काय झालं ते विचारू नका.

कर्नाटकातल्या त्या मोजणीत केल्डे कशाने गेले त्याचं एक कारण रस्त्याकडेचे वड हे दिलंय. वड तोडले, रस्ते रुंद केले. ते वाचताना मला आमचा थांबा दिसला. मुंबई-गोवा महामार्गावर आमच्या फाट्याला एक वड होता, पारंब्या एसटीच्या टपाला घासायच्या. त्यावर पंचवीसतीस केल्ड्यांचं खांड. माझी सगळी नोकरी त्या वडाखाली गाडीची वाट बघण्यात गेली. केळं, शेंगा, पोरांच्या हातातला वडापाव, त्यांचं पोट त्यावर चालायचं. शेवटच्या वर्षांत तिथे एक नर होता, डाव्या हाताला पंजा नसलेला; विजेच्या तारेने गेला असावा. तो कोपराने केळं छातीशी दाबून उजव्या हाताने सोलायचा. मी त्याच्यासाठी म्हणून पिशवीत एक केळं जास्त ठेवत असे, हे घरी कधी सांगितलं नाही. चौपदरीकरणात वड गेला. सकाळी गेलो तेव्हा बुंध्याचे ओंडके गाडीत चढवत होते आणि खांड समोरच्या दुकानाच्या पत्र्यावर ओळीने बसलं होतं. चारपाच दिवस तिथे होतं. मग दिसेनासं झालं.

फाट्यापासून आमचं आगर चालत वीस मिनिटं. त्याच पावसाळ्यानंतर आगरात केल्ड्यांचा त्रास एकदम वाढला, आणि मी वर्षभर त्याचा संबंध कशाशी लावला नाही. परवा सकाळी माडाखाली अकरा शहाळी पडलेली. पालथी करायची गरजच नव्हती. वर बघितलं तर झावळीच्या बेचक्यात एक म्हातारा केल्डो बसला होता, शहाळं डाव्या कोपराने छातीशी आवळून धरलेलं, उजव्या हाताने ओरबाडतोय. बायको पडवीतून ओरडली, "बघत काय उभे ऱ्हवल्यात? डबो वाजवा!"

मी डबा वाजवला.